पांढऱ्या मक्याची बरणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, बियाणे संशोधन केंद्रातील निवृत्त प्रयोग सहायक, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरे कोणी नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव भाच्याला. 'नवा मका खाल्ला की अमुक रोग होतो' असले निरोप मला फोनवर पाठवणे त्याने मात्र माझ्या हयातीतच बंद करावे.

कुठेही जेवायला गेले की लोक विचारतात, "मावशी, ते जनुक बदललेलं खाल्लं तर काही होतं का हो?" आम्ही उंदरांना नव्वद दिवस खायला घातले, काही दिसले नाही. पुढचे आम्ही पाहिले नाही. 'माहीत नाही' असा रकाना तक्त्यात नव्हता. हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे. यापुढे भाच्याने सांगावे.

२. भिंग, चिमटे व तुऱ्यांवर बांधायच्या कागदी पिशव्यांचे गठ्ठे थोरल्या बहिणीला. याच पिशव्यांपायी केंद्रात मला पिशवीबाई म्हणत. साहेबांना काही नाही. त्यांना माझी बढती मिळालीच आहे.

३. ताईचे शेत केंद्राच्या चाचणीच्या वावराला लागून. "तू आधी पेर, आमचा जनुक बदललेला पिवळा मका महिन्याने पेरणार आहेत, तुरे एका वेळी यायचे नाहीत," असे मीच तिला सांगितले. पुढे तपासणीसाठी केंद्राने पेरणी अलीकडे ओढली. मला कळले होते. फाइल गोपनीय होती आणि मी शिस्तीची, म्हणून गप्प बसले. आईने आयुष्यभर राखलेल्या आमच्या पांढऱ्या मक्याच्या कणसांत त्या वर्षी पिवळे दाणे निघाले. ताईने त्यातले सात माझ्या हातावर ठेवले. ते पर्समध्ये असताना मी 'परागकण हद्दीबाहेर गेले नाहीत' या अहवालावर सही केली.

ती सही खोटी होती. हे कलम केंद्राला पाठवावे, सात दाण्यांच्या पाकिटासह.

ताई तेव्हा एवढेच म्हणाली, "वारा कुणाचं ऐकत नाही. पण तुला तर तोंड होतं ना?" त्याला अकरा वर्षे झाली. तिने पुन्हा उंबरा ओलांडला नाही. चूक माझी होती, आणि मला तिची फार आठवण येते.

४. पिवळे दाणे निघाले त्याच्या आदल्या वर्षीचे दोन मुठी पांढरे बी माझ्याकडे होते. परसात दरवर्षी मक्याची वीस-पंचवीस ताटे लावून, प्रत्येक तुऱ्याला व कणसाला पिशवी बांधून मी ते शुद्ध राखले. तीन वर्षे गुडघ्यांनी पेरू दिले नाही. गेल्या महिन्यात ओल्या फडक्यात शंभर दाणे ठेवले, एकसष्ट उगवले. पूर्वी पंचाण्णव उगवत. ती बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे. बरणी ताईची.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं." मी म्हटले, "मग बी माझ्या आधी मरेल."

म्हणून हे कलम आजच लागू समजावे व याची नक्कल आजच ताईच्या हाती द्यावी. ताई, मी जायची वाट बघू नकोस. पेरणीला तीन आठवडे आहेत. दार मी लोटून ठेवते, कडी लावत नाही.

सही: पिशवीबाई

साक्षीदार: १. शेजारची शिंपीण २. कोपऱ्यावरचे औषधवाले

ठिकाण: स्वयंपाकघर, फ्रिजशेजारचे टेबल
दिनांक: १९ मे