वैनगंगेतल्या बेटावर मौन

४ मार्च १९७९, रविवार.
ठरलं. पवनीच्या पुढे वैनगंगेच्या पात्रात रेतीचं अफाट बेट आहे. आमच्या अड्याळच्या लोकांना ते फक्त रेतीतली डांगरं-टरबुजं खायच्या वेळी आठवतं. मी तिथे तीन दिवस राहणार. पक्षी, वारा, मौन. सोबत मैत्रीण चंद्रकांता.
बाबा हातमागावरून न उठता म्हणाले, "जा. तीन दिवस नीट राहून दाखव. मंग एम.ए.ले नागपूरच्या हॉस्टेलात धाडतो. नाईतर जूनमंधी लग्न." अट हास्यास्पद सोपी आहे. या घरात बी.ए. झालेली मी एकटीच, ते उगाच नाही.

६ मार्च.
चंद्रकांताने विचारलं, "रेतीत चहा कोठं भेटन व?" तिचं नाव रद्द.
बाबा एकटीला जाऊ देत नाहीत. म्हणून धाकटी शोभा. मॅट्रिक दोनदा नापास. पक्ष्यांपैकी कोंबडी ओळखते. चालेल. भांडी घासायला कुणीतरी हवंच.

९ मार्च.
शोभाच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुंताआत्या आली. "पोरीइनो, तिथं सयपाक कोन करन? मी येऊन राहिली." आत्याच्या दृष्टीने जंगल म्हणजे सरपण. नाइलाज. प्लॅनमध्ये किरकोळ दुरुस्ती: आत्यापासून लांब बसणे.

१२ मार्च.
शेजारच्या शकुनबाई, त्यांची सासू, चार पोरं. गोवऱ्यांवर पानगे भाजायचे म्हणून कणकेचं पोतं. भजनाची पेटी. आमच्या आळीत एक माणूस निघाला की तीन बैलगाड्या भरतात.
मी सगळ्यांना जमवून मौनाचे नियम समजावले. आळीतले भैय्याजीकाका गंभीरपणे म्हणाले, "अन् ठसका लागला तं?" सगळे हसले. शोभा सर्वांत जास्त. अडाणीपणा.

१५ मार्च.
निर्णय: बहिष्कार. मी नाही म्हणजे बेत आपोआप मोडेल; कल्पनाच माझी. जेवताना जाहीर केलं. आईने एवढंच विचारलं, "मंग म्हशीचं पाहशीन नं?"
उपरोधाने म्हटलं, पाहीन. या घरात उपरोध कळत नाही.

१७ मार्च, पहाटे.
गाड्या जुंपताहेत. मी कडी लावून बसले आहे. समजूत काढायला येतील. पहिल्या हाकेला दार उघडायचं नाही. दुसऱ्या हाकेला विचार करू.

सकाळी.
शोभा आली. उत्तर दिलं नाही. "ताई, म्हशीले सरकीची ढेप घालजो!" ओरडली आणि पळाली. दुसरी हाक आलीच नाही.
उत्तम. एकान्त घरी चालून आला. निसर्ग अंगणातही असतो.

दुपारी.
अंगणातला निसर्ग दावं तोडून शकुनबाईंच्या वांग्यांत शिरला आहे.

२० मार्च.
आले सगळे, उन्हाने रापलेले. गाड्या पाण्यातून पार नेण्यापासून आत्या-शकुनबाईंचं भांडण मिटवण्यापर्यंत सगळं म्हणे शोभाने केलं. कोणते पक्षी पाहिले विचारलं, तर म्हणते, "नाव नाई ठाऊक, पण माह्या हातातले पानगे खाऊन गेले." म्हणजे तीन दिवस वाया.
मी बाबांना अटीची आठवण करून दिली. तीन दिवस एकटी राहिले की नाही? मग जिंकले.
बाबांनी धोटा खाली ठेवला. "माय, हॉस्टेलात एका खोलीत चार पोरी राहतेत. तुले तं घरचे लोकं तीन दिवस नाई चालले."
मी तर्कशास्त्राच्या आधाराने उत्तर तयार केलं. तोवर ते पुन्हा विणायला लागले होते.

२ एप्रिल.
नागपूरच्या शिवण कोर्सच्या वसतिगृहात शोभाची व्यवस्था झाली. आज पहाटेच्या एस.टी.ने गेली. स्टँडवर अर्धी आळी रडत होती. मी रडले नाही. कोर्स साधा आहे.
दुपारी आंधळगावचे लोक मला पाहायला येताहेत. एकाच घरात एकोणीस माणसं. मी त्यांच्याशी फक्त वैचारिक विषयांवर बोलणार. आपोआप नकार देतील.
आत्ताच आई सांगून गेली, "पोहे तुह्या हातचे आहेत म्हनून सांगतलं आहे."
पोहे शोभा करायची.