बिनचेहऱ्याच्या नवरीची ताटं

३ मार्च १९५०, वटार
आलो एकदाचे! दोन ट्रंका, एक वळकटी, मी आणि माझी लेक हंसा. राजेसाहेबांचं संस्थान गेलं, पण केळीच्या बागेतला हा बंगला राहिला, आणि तो सांभाळायला मी. आमचे हे गेल्यापासून दहा वर्षं लोकांच्या घरी राबले, पाय भरून आलेत; इथं घटकाभर बसायला तरी मिळेल. आता हंसाचं लग्न झालं की झालं.

६ मार्च
माळ्यावर पेटीभर चिनी मातीची ताटं सापडली. सोनेरी काठ, मधोमध पाटावर बसलेली नवरी. बारा ताटं, पण एकाही नवरीला चेहरा नाही. कारागिराला घाई झाली असावी. घासता घासता कंबर मोडली. नवं भांडं घरात घेताना लावतात तसं हंसाकडून प्रत्येकाला हळदकुंकू लावून घेतलं आणि पहिल्या ताटात तिलाच वरणभात वाढला. स्वारी खूश!

९ मार्च
माळी श्रीपत जूचंद्रचा. ताटं पाहून मटकन खालीच बसला. म्हणाला, ही राजकन्येच्या आंदणाची, विलायतेत करून घेतलेली. लग्नाला आठ दिवस उरले असताना ती तापाने गेली. आंदण सासरी गेलंच नाही. आता ज्या कुमारिकेनं कुंकू लावून ते घेतलं, नवरी तीच. मी त्याला वेड्यात काढलं. "बाय, आंदन कोनाचं ते इचारायचं तरी," एवढंच म्हणत राहिला.

१२ मार्च
हंसा जेवत नाही. हात गार, गुळगुळीत. तुळिंजचं स्थळ आलंय म्हटलं, तर म्हणाली, माझं ठरलंय. कोणाशी, तर नुसती हसली. रागवायचंही त्राण नाही मला.

१४ मार्च
नवरीला चेहरा आलाय. बाराही ताटांत. हनुवटीवरचा तीळसुद्धा हंसाचा. कुंकू खरवडलं — निघत नाही. फार भीती वाटते. हिच्याशिवाय मला आहे कोण?

१५ मार्च, दुपार
श्रीपतला सांगितलं, मागच्या बावखलाच्या काठावर फोड सगळी, तुकडे तळ्यात टाक. पेटी घेऊन गेला. हंसा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय. बरी होईल आता पोर —

पहिलं फुटलं. आवाज इथवर आला.

हंसा किंचाळली. मनगटावर भेग — रक्त नाही — आत पांढरं, नुसतं पांढरं —

दुसरं.

उठता येत नाही, मांडीवर ती पाट्यासारखी जड — हाका मारतेय, वारा उलटा, त्याला ऐकू जात नाही — श्रीपत, नको, श्री