यंत्रवाल्या बाईंचा चांगुलपणा

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि दादाचा स्वभाव, दोन्ही आता नरम असावेत. मला आजार काही नाही. नुसता जळफळाट होतो आहे, आणि त्यावर आमच्या प्रयोगशाळेत औषध नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, माणसं खाण्यातून आजारी पडली की कोणत्या जिवाणूने, कुठल्या घासातून घात केला ते शोधणं हे माझं काम. जिवाणूचा डीएनए कापायचा, जेल नावाच्या थलथलीत थरातून विजेवर पळवायचा आणि उमटलेले पट्टे ताडून बघायचे. पट्टे जुळले की चोर सापडला. माझ्या पट्ट्यांपुढे साहेबही मान डोलवत. मग नव्या बाई आल्या, सोबत टोस्टरएवढं यंत्र घेऊन. ते म्हणे डीएनएचं अक्षर न् अक्षर वाचतं. (साहेब हल्ली तिकडेच मान डोलवतात. चहाही आधी तिकडेच जातो.)

मागच्या आठवड्यात आमच्याच कार्यालयातली निम्मी मंडळी पोट धरून बसली. कॅन्टीनच्या अंड्यांत जिवाणू निघाला, आजाऱ्यांतही निघाला. मी पट्टे लावले, हुबेहूब सारखे. कॅन्टीनला कुलूप लागलं. आचारी एवढंच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी अंडी केलीच नव्हती." मी त्याला विज्ञान समजावलं.

बाईंच्या यंत्राने निराळंच वाचलं. दोन्ही जिवाणू एकाच आडनावाचे, पण घरं वेगळी. आजाऱ्यांतला जुळला तो फ्रिजमध्ये उरलेल्या केकशी. (केक साहेबांनी आणला होता, स्वतःच्या बढतीचा.)

बैठकीत बाई मिरवतील म्हणून मी रागाची तयारी करून बसलो. तर त्या म्हणाल्या, "यांनी जिवाणू इतके स्वच्छ वेगळे केले नसते, तर माझ्या यंत्राने कचराच वाचला असता." वहिनी, म्हणजे आता चांगुलपणातही मी मागे. आचाऱ्याची माफी मागायला धावलो, तर बाई आधीच कुलूप उघडवून त्याच्यासमोर चहा पीत बसलेल्या. त्याने मलाही कप दिला. मी तो संपवून स्वतःच विसळून ठेवला.

असो. असल्या यंत्राला मी हात लावणार नाही, हे दादाला मुद्दाम सांगा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. त्या यंत्राच्या प्रशिक्षणाला एकच जागा आहे आणि निवड तुमच्या भावाच्या हातात आहे. त्यांच्या कानावर माझं नाव घाला. दादाला कळू देऊ नका.

आणखी एक. शिकवणार बाईच आहेत. पहिल्या बाकावर जागा मिळाली तर बरं. हल्ली दोन पट्टे जवळजवळ असले की मला एकच दिसतो.