हरल्याचे सात नारळ

मी, दत्ताराम भिकाजी राऊळ, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शाळा शिपाई, राहणार चारकोप, सेक्टर चार, कांदिवली पश्चिम, हा कागद माझ्या हाताने लिहितो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं ॲडव्होकेट गंधाली केळकर यांनी मला सांगितलं आहे. मला कुणी धाक घातलेला नाही आणि लाडीगोडीही लावलेली नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या शब्दांचं काय करावं, ते पुढीलप्रमाणे.

कलम एक. राहती खोली, वरचा पोटमाळा आणि दारातली तगर माझी पत्नी मालन हिची. ती असेतोवर कुणी खोली विकायचा विषय काढू नये. तिच्यानंतर खोली मुलगा हर्षद याची. बँकेत जे काही असेल ते मालनचं. त्या खात्याबद्दल मला कधीच कळलं नाही, तिला सगळं कळतं.

कलम दोन. पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी नात गार्गी हिला द्यावी. आमची शाळा बंद झाली तेव्हा रद्दीत निघालेली मराठीची पाठ्यपुस्तकं तिच्यात आहेत. चौतीस वर्षं मी वर्गावर्गात सूचनेची वही फिरवली. आत कविता चालू असली, की कडवं संपेपर्यंत मी दाराबाहेर थांबायचो. मुख्याध्यापक विचारायचे, "राऊळ, एक वही फिरवायला एवढा वेळ?" मी म्हणायचो, "जिने फार आहेत सर." जिने दोनच होते. गार्गीने धडे नाही वाचले तरी चालेल. कविता मात्र मोठ्याने वाचाव्यात, मनातल्या मनात नाही.

कलम तीन. हर्षद लग्नानंतर नाहूरला राहायला गेला आणि सूनबाई अक्षता नाहूरच्या कबड्डी संघासाठी टाळ्या वाजवते, हे मी अकरा वर्षं मनात धरलं होतं. आज सोडलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अक्षतानेच करावी. घरात कागद नीट फायलीत लावणारी तीच एक आहे.

कलम चार. माझे शेजारी चंद्रप्रकाश तावडे यांना काहीही ठेवलेलं नाही. त्यांनी माझी घडीची खुर्ची सामन्याला नेली आणि सांताक्रूझच्या मैदानावर विसरून आले. हे कलम मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दत्ता, ती खुर्ची मोडकी होती रे." मी म्हटलं, "मोडकी होती, पण माझी होती." गंधालीताई म्हणाल्या, "बरंच झालं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली तर त्याचा वाटा रद्द होतो. तावडेकाकांना काही नाही, म्हणजे ते चालतील." चंद्रप्रकाश म्हणाले, "झकास! खुर्चीपायी सहीचा मान."

कलम पाच. आता मुख्य गोष्ट.

आमचं उगवती क्रीडा मंडळ कबड्डीचं. अंतिम सामना असला, की सात खेळाडूंचे सात नारळ आदल्या दिवशी मारुतीपुढे ठेवायचे. जिंकलो तर ते तिथेच फुटतात. एकोणनव्वद साली आम्ही पहिल्यांदा अंतिम सामना हरलो, तेव्हा त्या नारळांकडे बघवेना. मालनने ते पदरात घेतले आणि म्हणाली, "देवाक नको तर पोटाक चलतीत." तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, वडे तळले, सोलकढी केली. तेव्हापासून आमच्याकडे हरल्याचं जेवण असतं. त्या दिवशी खेळाडूंनी बसायचं आणि बघ्यांनी वाढायचं. ज्याने सामन्यात आपल्याच खेळाडूला वाईट शब्द काढला असेल, त्याने नारळ खवायचे. खवता खवता माणसाची मान आपोआप खाली जाते. जिंकणाऱ्याला सगळं जग जेवू घालतं. हरलेल्याला घरच्यांनीच वाढावं लागतं. माझी माणसं हे छत्तीस वर्षं करत आली. मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण हरलेल्या पोरांच्या पानात गरम वडा पडतो, तो आवाज मला टाळ्यांपेक्षा गोड वाटतो.

या वर्षी सव्वीस जानेवारीला आमच्या मुली सांताक्रूझला नाहूरच्या मुलींशी अंतिम सामना खेळल्या. एकतीस-एकतीस अशी बरोबरी होती. शेवटची चढाई नाहूरची. त्यांची मुलगी आमच्या डाव्या कोपऱ्यात शिरली, पाय लांब टाकला आणि परत गेली. कोपऱ्यात श्रुतिका गुरव होती, वय एकवीस, आमच्याच सेक्टरची. पंचांनी स्पर्श नाही अशी खूण केली. म्हणजे आता जादा चढाया, आणि त्यांत आम्हाला हरवणारं मुंबईत कुणी नाही. आमची माणसं नाचायला लागली होती.

श्रुतिकाने हात वर केला.

"सर, टच आहे. माझ्या अंगठ्याला लागला तिचा पाय."

पंचांनी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. आम्ही एका गुणाने हरलो.

आता माझा गुन्हा लिहितो. मंडळाच्या घोषणा मीच रचतो. यमक जुळलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. त्या क्षणी मी कठड्याला धरून उभा राहून ओरडलो,

श्रुतिकानं वर केला हात,
कप गेला नाहूरात!

लोकांनी उचलून धरलं. टाळ्यांवर, शिट्ट्यांवर, बाहेर फाटकापर्यंत तेच चाललं होतं. चंद्रप्रकाशनी तेच मोबाइलवर स्टेटस ठेवलं. वर्गाच्या दाराबाहेर कविता ऐकत जे शिकलो, ते मी एका खऱ्या मुलीवर फेकलं. त्या रात्री नारळ कुणी उचलले नाहीत. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हरल्याचं जेवण झालं नाही. श्रुतिका सरावाला येईनाशी झाली. तिने बूट धाकट्या बहिणीला देऊन टाकले, असं कानावर आलं.

म्हणून मी या कलमात लिहिलं होतं, की माझ्या बाराव्याला हरल्याचं जेवण घालावं, श्रुतिकाला पहिलं पान मांडावं आणि माझी माफी जाहीर वाचावी. कच्चा मसुदा मालनला वाचून दाखवला. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या नाही आलं.

"तुमी मरतलात कधी नि तां चेडू, श्रुतिका, जेवतलां कधी? तोवर त्याचे केस पिकतले. आणि माफी मागूक मेल्यावर कित्याक जाताय? जिवंतपणी पाय मोडलेत?"

सबब, बाराव्याच्या जेवणाबाबतचा मजकूर मी रद्द करतो. त्याऐवजी जे झालं ते नोंदवतो.

मी श्रुतिकाच्या दारात गेलो. ती म्हणाली, "काय काका, नवीन घोषणा?"

"जुनी मागे घ्यायला आलोय."

"दिलेली घोषणा मागे घेता येते?"

"तू टच मागे घेतलास?"

"नाही."

"मग मलाही येत नाही. पण हात वर करता येतो." मी उंबऱ्याबाहेर उभा राहून हात वर केला. "टच माझा होता गं. मी मान्य करतो."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "हात खाली घ्या. खांदा दुखेल."

"रविवारी हरल्याचं जेवण आहे. येशील?"

"बघते."

सोळा फेब्रुवारीला मी मंडळाच्या पटांगणात विळी घेऊन बसलो. समोर सात नारळ. अकरा वाजेपर्यंत मी, मालन आणि एक कावळा. मनात म्हटलं, दत्ताराम, लोकांना चढवलंस तू, आता उतरवायलाही तुलाच यावं लागणार. दुसराच नारळ खवताना माझा अंगठा कापला. तेवढ्यात चंद्रप्रकाश आले, बगलेत स्वतःचा नारळ. "सरक रे. स्टेटस मी ठेवलं होतं." त्यांच्यामागून ढोल वाजवणारी पोरं आली. मग शिट्टी मारणारा दुधवाला. मग सेक्टर दोनच्या बायका. प्रत्येकीच्या पिशवीत नारळ, प्रत्येकीला विळीवर बसायचं होतं. त्यातल्या एकीने तर मला सांगितलं, "राऊळकाका, मी ओरडले नव्हते, पण मनात म्हटलं होतं. मलाही द्या." रांग फाटकाबाहेर गेली. हरलेल्या संघाची एवढी मोठी मिरवणूक मी पाहिली नव्हती आणि ती सगळी मान खाली घालून खोबरं काढत होती! मालन कपाळावर हात मारून म्हणाली, "एवढ्या खोबऱ्याचां मी काय करू? आंघोळ करतलात सोलकढीन?"

साडेबाराला सातही मुली आल्या. श्रुतिका शेवटी. ती बसली. मी वाढलं. ती जेवली, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत असताना म्हणाली, "काकी, सांबाऱ्यात मीठ कमी आहे."

मालनने चाखलं. "खरांच गो! एवढ्यांनी खाल्लां, एकान सांगूक नाय."

कलम सहा. कल्हईचा मोठा टोप आणि विळी मंडळाला. हरल्याचं जेवण चालू ठेवावं. जिंकण्याचं काय करायचं ते जिंकणाऱ्यांचं त्यांना कळतं.

कलम सात. माझी घोषणांची वही श्रुतिका महादेव गुरव हिला. शेवटच्या पानावर ती घोषणा आहे. पहिली ओळ मी तशीच ठेवली, कारण ती खरी आहे. दुसरी खोडून नवी लिहिली आहे:

श्रुतिकानं वर केला हात,
मान ताठ चारकोपात!

हे कलम रद्द. कारण असं. आज सहीच्या वेळी दुसरे साक्षीदार म्हणून ठरलेले शेजारी आयत्या वेळी गावी निघून गेले. गंधालीताई घड्याळ बघत होत्या. टोपाचं झाकण परत द्यायला श्रुतिका दारात उभी राहिली. गंधालीताई म्हणाल्या, "हिने सही केली असती, पण कलम सातमध्ये हिचं नाव आहे. वही जाईल."

श्रुतिकाने विचारलं, "काकांनी माझ्यासमोर सही केली, तर मी ते बघितलं असं लिहायचं, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग खोडा माझं नाव."

मी नाव खोडलं. खोडताना मला वाईट वाटलं नाही. जे पंचांना दिसलं नाही ते जिने स्वतःच्या विरुद्ध सांगितलं, तिच्याहून खरा साक्षीदार मी या मुंबईत कुठून आणू? आणि वही मरणानंतर देता येत नसेल, तर जिवंतपणी द्यायला कायदा आड येत नाही. ती मी आत्ताच तिच्या हातात दिली आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

दत्ताराम भिकाजी राऊळ
(सही)

साक्षीदार एक: चंद्रप्रकाश नारायण तावडे, चारकोप. दत्तारामने माझ्यासमोर सही केली. खुर्ची मोडकीच होती.
(सही)

साक्षीदार दोन: श्रुतिका महादेव गुरव, चारकोप. राऊळकाकांनी माझ्यासमोर सही केली. मी जवळ होते, मला नीट दिसलं. सही करताना ते रडत होते, हे लिहू नको म्हणाले, पण ते खरं आहे. अंगठ्याला पट्टी आहे, ती नारळ खवताना कापल्याची. डोकं ठिकाणावर आहे. मी वेळ लिहिते, कारण सहाला सराव आहे आणि मला निघायचं आहे: पाच वाजून चाळीस मिनिटं.
(सही)

स्थळ: चारकोप, मुंबई
दिनांक: २० फेब्रुवारी २०२५