पेट्रोलचा उपास

शांती नगर, मीरा रोड
(तुमच्याच मजल्यावरून)
गुरुवार

प्रिय साडूबंधू श्री. यतीनराव यांस,
ईश्वरचा समोरच्या दारातून सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्याकडचं क्षेम रुचिताकडून गिरिजाला आणि गिरिजाकडून मला रोज कळतं, शिवाय तुमच्या फोडणीचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो, त्यामुळे प्रकृतीची चौकशी म्हणजे नुसती रीत. तरी करतो. परवा जिन्यात मला बघून तुम्ही अर्ध्यातूनच वर फिरलात तेव्हा तुमचा उजवा गुडघा धरल्यासारखा वाटला. तेल लावता ना? (खोबरेल नको, ते नुसतं चिकट. मोहरीचं लावा.) दारासमोर दार असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्यात अबोला आहे, आणि अबोल्यात बोललेलं चालत नाही, लिहिलेलं चालत नाही असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

झालेला प्रकार तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. पण तुम्हाला तो तुमच्या बाजूने ठाऊक आहे, आणि गच्चीत, वाण्याकडे आणि सलूनमध्ये तुम्ही तो सांगितलातही तुमच्याच बाजूने. आता एकदा पहिल्यापासून माझ्या बाजूने ऐका. आपण दोघं हाटकेशला कामाला. तुमच्या गाळ्यात लेबलं छापतात, शेजारी आमच्या गाळ्यात बरण्यांची झाकणं होतात. इतकी वर्षं आपण तुमच्या स्कूटरवरून जात आलो, तुम्ही पुढे, मी मागे. त्या दिवशी पंपावर टाकी भरताना तुम्ही मीटरकडे बघितलंत आणि असा सुस्कारा टाकलात की हेल्मेटची काच आतून धुरकट झाली. तुम्ही विसरलात. मी मागे बसलेला, मला तो सुस्कारा पोटाशी धरलेल्या डब्यापर्यंत जाणवला. आपला यतीन असा सुस्कारा टाकतो आणि आपण नुसतं मागे बसून राहायचं? ही सगळी चळवळ त्या सुस्काऱ्यातून जन्माला आली, हे मी सभेत बोललो नाही. बोलायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मला मोबाइलवर एक मजकूर आला, की सगळ्या ग्राहकांनी आठवड्यातून फक्त एक दिवस पेट्रोल वापरलं नाही तर कंपन्यांच्या टाक्या तुंबतील, माल ठेवायला जागा उरणार नाही आणि भाव कमी करून त्या आपल्या पाया पडतील. खाली 'एक जागरूक ग्राहक' अशी सही होती. (जागरूक माणूस खोटं कशाला लिहील, असा मी विचार केला. हल्ली मी तसा विचार करत नाही.) मी सोसायटीच्या ऑफिसात सभा बोलावली. 'बहिष्कार' म्हटलं तर लोकांनी विचारलं, पोलीस येतील का? म्हणून मी शब्द बदलला आणि 'पेट्रोलचा उपास' म्हटलं, तर लगेच विचारलं, कधीपासून? गुरुवार गिरिजाने सुचवला. दत्ताचा वार, निम्म्या लोकांचा तसाही उपास असतो, आणि त्या दिवशी सहसा कुणी खोटं बोलत नाही, असं तिचं मत. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून तुम्ही विचारलंत, "ईश्वरराव, तुम्ही स्वतः टाकी कधी भरलीय का हो?"

हशा झाला. तो मला लागला, यतीनराव. माझ्याकडे गाडी नाही, चालवता येत नाही, लग्नाआधी चिपळूणला मित्राच्या मोपेडवरून पडलो ती शेवटची, हे सगळ्या सेक्टरला माहीत आहे. पेट्रोलच्या उपासाचा अध्यक्ष तो, ज्याने जन्मात पेट्रोल खाल्लेलं नाही. मागे बसणाऱ्यालाही भाव कळतो, हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, चार दिवसांनी आंघोळ करताना सुचलं. तोपर्यंत मी तुमच्यावर मनातून फुरंगटून बसलो होतो आणि तुम्ही मात्र रोज सकाळी पूर्वीसारखे "बसा" म्हणत होतात. माझ्या बाजूच्या हकिकतीत तुमचीच बाजू वरचढ होतेय हे माझ्या लक्षात येतंय, पण आता लिहायला घेतलंय तर लिहितो.

उपास म्हटलं की पहिला प्रश्न काय, तर "अमुक चालतं का?" साबुदाणा चालतो तशी गॅसवरची रिक्षा चालेल का? (चालेल.) विजेवरची स्कूटर? (तो फराळ.) भाड्याची मोटार बोलावली तर? (पेट्रोल परक्याचं, पण बसणार आपण. मी नाही म्हटलं, त्यावरून ए विंग माझ्याशी बोलेनाशी झाली.) कापडवाल्या जितेंद्रभाईंची तर कमालच. त्यांच्या जैनांत एकासणं म्हणून असतं, दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. आपल्याला पूर्ण उपास झेपणार नाही, आपण एकासणं करू, असं ते म्हणाले आणि मी मोठ्या मनाने हो म्हटलं. गुरुवारी दुपारी बघतो तर त्यांच्या दुकानासमोर त्यांची गाडी धडधडतेय, आत थंडगार हवा, आणि जितेंद्रभाई आतूनच गिऱ्हाइकांना कापड दाखवताहेत. विचारलं तर काच खाली करून म्हणाले, "ईश्वरभाई, उपास बोले तो उपास। एक बार बैठा हूँ, शाम तक उठूँगा नहीं। इंजिन बंद किया तो बैठक टूट जायेगी ना!" माणूस घाम न गाळता पण श्रद्धेने करत होता.

खरी गंमत बुधवारची. उद्या उपास म्हटल्यावर आदल्या दिवशी आपण जे करतो तेच सगळ्यांनी केलं. ज्यांना गुरुवारी कुठेही जायचं नव्हतं त्यांनीही "असू दे, हाताशी बरी" म्हणून टाक्या काठोकाठ भरल्या. बुधवारी संध्याकाळी पंपापासून लागलेली रांग वळून पार भाजीवाल्यांपर्यंत यायची, आणि रांगेत गाड्या चालूच, कारण बंद केली तर पुढचा पुढे सरकतो नि मागचा शिव्या घालतो. शुक्रवारी उपास सोडायचा म्हणून अख्खी कुटुंबं विनाकारण उत्तनच्या किनाऱ्याला जाऊन यायला लागली. एकादशी, दुप्पट खाशी, दुसरं काय. दुसऱ्याच महिन्यात पंपाच्या मालकाने मला पेढे पाठवले, वर चिठ्ठी, 'असाच लोभ असावा.' (पेढे चांगले होते. तुम्हाला दोन पाठवले होते, पण कुठले ते सांगितलं नव्हतं.) भाव काही उतरला नाही. कुठलीही कंपनी पाया पडायला आली नाही.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी मात्र म्हटलं, दोष उपासाचा नाही, तो मोडणाऱ्यांचा. म्हणून गणपतीच्या मंडळाचा स्पीकर जिन्याखालून काढून मी गुरुवारी सकाळी गेटवर खुर्ची टाकून बसायला लागलो. जो गाडी बाहेर काढील त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, दुसरं काही नाही. आणि मग तो गुरुवार आला. आमची सान्वी बारावीच्या पेपराला भायंदरला गेली होती. तुम्ही स्कूटर घेऊन भरधाव गेटकडे आलात, मी हात आडवा केला, तुम्ही "नंतर सांगतो" म्हणालात आणि माझ्या हाताला वळसा घालून निघून गेलात. मला तो सभेतला हशा आठवला. मी माइक हातात घेतला आणि तुमचा फ्लॅट नंबर, तुमचं नाव आणि 'उपास मोडला' एकदा सांगून थांबलो नाही, पुनःपुन्हा सांगत राहिलो. वर "घरचीच माणसं अशी, तर परक्यांना काय बोलायचं" हेही जोडलं. ते वाक्य त्या वेळी मला फार आवडलं होतं.

सान्वी चष्मा घरी विसरली होती. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा नंबर दिसत नाही, प्रश्नपत्रिका कुठून दिसणार? परीक्षा केंद्राच्या दारातून तिने कुणाचा तरी फोन मागून आधी मला लावला. माझ्या हातात माइक होता. मग गिरिजाला लावला, गिरिजाने रुचिताला हाक मारली, आणि तुम्ही अंगावरच्या बनियनवर शर्ट चढवून निघालात. पेपर सुरू व्हायच्या आत माझ्या लेकीच्या डोळ्यांवर चष्मा तुम्ही नेऊन ठेवलात आणि तेवढ्या वेळात मी इकडे तुमच्या नावाने शांती नगर दुमदुमवत होतो. परत आलात तेव्हा मी शेवटचं वाक्य पुन्हा म्हणत होतो. तुम्ही थांबलात, पूर्ण ऐकून घेतलंत आणि स्कूटर लावून वर गेलात. संध्याकाळी माझं हेल्मेट, जे तुमच्या स्कूटरला लटकलेलं असायचं, ते आमच्या दाराच्या कडीला होतं.

तेव्हापासून हे असं. बायका एकमेकींच्या बहिणी असल्यामुळे आपल्यात भांडण आहे हे त्यांनी मान्यच केलेलं नाही. रुचिताच्या अळूवड्या येतात, रिकामी वाटी परत द्यायची नसते म्हणून गिरिजा त्यात लोणचं घालून पाठवते, आणि त्या वड्या मी खायच्या की नाहीत हे मला कुणी सांगत नाही. (खातो. पण मान खाली घालून खातो.) मी हाटकेशला शेअर रिक्षाने जातो. तीन अनोळखी माणसं, प्रत्येक जण मोबाइलमध्ये. मागे बसून मी बोलायचं आणि पुढून तुम्ही "हं" म्हणायचं, निम्मं वाऱ्यात ऐकूच यायचं नाही तुम्हाला, तरी "हं" म्हणायचात. परवा रिक्षात मी सवयीने म्हणालो, "बघा, पुन्हा रस्ता खणला." कुणी हं म्हटलं नाही.

माझं चुकलं, यतीनराव. फिरवून फिरवून लिहिलं, पण पोटात एवढंच होतं. पेट्रोलचा भाव खाली आणायला निघालो आणि माझ्या घरच्या माणसाला चारचौघांत खाली आणून बसलो. स्पीकर मंडळाला परत केला आहे. आजच्या गुरुवारी मी गेटवर नव्हतो. उपास कुणी चालू ठेवला आहे की नाही मला कल्पना नाही, जितेंद्रभाई तेवढे गाडीत बसलेले दिसले.

रुचिताला आशीर्वाद. तुमच्या गुडघ्यास आराम पडो.

तुमचा साडू, वयाने थोर, अकलेने धाकटा,
ईश्वर

ता. क. : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. उद्या शुक्रवारी रिक्षावाल्यांचा बंद आहे. गॅसचा भाव उतरावा म्हणून दिवसभर एकही रिक्षा काढायची नाही असं त्यांनी ठरवलंय. (त्यांना हे कुणी सुचवलं मला माहीत नाही. मी नाही.) झाकणांची मोठी ऑर्डर जायची आहे, मला दांडी मारता येणार नाही. तेव्हा उद्यापुरतं मागे बसू दिलंत तर उपकार होतील. वाटेत एक शब्द बोलणार नाही.

ता. क. २ : गिरिजाने वाचलं. ती म्हणते, लिफ्ट मागायला माफी मागितलीत असं वाटतंय, ता. क. फाडा. मी म्हटलं, असू दे, माणसाला काही निमित्त लागतं.

ता. क. ३ : आताच सान्वीने खालून बातमी आणली की बंद मागे घेतला. उद्या रिक्षा चालू आहेत, हव्या तेवढ्या. तरी सकाळी साडेआठला मी खाली उभा असेन.