मशीन परत पाठव

१० मार्च

लाडक्या धाकटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. तुझे गुडघे काय म्हणतात? सूनबाईला बढती मिळाली, मुलाचं पोट सुटलंय, आणि नात माझी काठी पळवून घोडा घोडा खेळते. मी पलंगावर बसून नुसती ओरडते.

बरं, कामाचं बोलते. माझं शिलाई मशीन परत पाठव. दिलेलं परत मागू नये, कळतं मला. पण तू त्यावर कुंड्या ठेवल्यास, तेव्हा तू तर बोलूच नकोस!

डोळे गेले म्हणून दिलं, असं सांगितलं होतं ना? थाप होती गं. सुईत दोरा अजून एका दमात ओवते.

खरं सांगते. खुबा मोडला त्या दिवशी डॉक्टर दाराबाहेर मुलाला सांगत होते, "या वयात खुबा मोडला की चार-पाचांतला एक जण वर्ष काढत नाही." मी खोलीतल्या बाकीच्या तिघींकडे पाहिलं. तिघीही माझ्याहून धडधाकट! म्हटलं, नंबर आपलाच. घरी आल्यावर एकेक वस्तू वाटून टाकली. मशीन तुला. तुला साधं बटण लावता येत नाही, पण दुसऱ्या कुणाला द्यायला हात होईना. कुणाजवळ बोलले नाही. फार भ्याले होते गं.

आणि चूक माझीच. आदल्या वर्षी मनगट मोडलं तेव्हाच हाडं ठिसूळ झाल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या. मी त्या बटणांच्या डब्यात टाकल्या. आता निमूट घेते.

पण ती व्यायामवाली पोरगी! ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मला उभं केलं. मी शिव्या घातल्या. म्हणाली, "घाला आजी, पण चालता चालता." पुढे एकदा रडत रडत तिला ते चार-पाचांतलं सांगितलं, तर म्हणते, "आणि उरलेल्या जगतात, ते नाही ऐकलंत?" अगं, अक्कल गहाण टाकली होती मी!

काल वर्ष पुरं झालं. उठल्या उठल्या स्वतःला चिमटा काढला आणि कापडाच्या दुकानात गेले. काठी घेऊन, पण चालत. नातीसाठी निळं कापड आणलंय. फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवणार. खाली चांगली चार बोटं दुमड ठेवणार, दरवर्षी एकेक बोट उसवायला.

उसवणार मीच. तू तेवढं मशीन धाड.

तुझी,
अजून चार बोटं शिल्लक असलेली
ताई