दोन विहिरींचं जमलं होतं

विशू, माझ्या बाई,

काल नीलिमाचं दुसरं पत्र आलं. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही, त्याला दोन महिने झाले. तू गेल्यावर तुझ्या सरांकडं संशोधनाला लागलेली ही मुलगी, मानवत गावची आहे. लिहिते, "अक्का, विशाखाताईंची वही मला बघायला मिळेल का? राहिलेली सिद्धता पूर्ण करता येते का ते बघते."

राहिलेली! ती कशी राहिली हे तिला ठाऊक नाही. सरांना नाही, मायलासुद्धा नाही. एकट्या मला ठाऊक आहे. म्हणून तिला उत्तर देण्याआधी तुला लिहायला बसले. शाळा सुटली आहे, मी शिकवते त्या चौथीच्या वर्गात आता एकटीच आहे.

गावच्या मोठ्या विहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते, आठवतं? कुणी घागरीत पाणी ओतून देईपर्यंत आपण लांब उभ्या. मी पाण्याकडं बघायचे आणि तू ऐकायचीस. बादली पडली की म्हणायचीस, "अक्का, ती विहीर खाली लय रुंद हाय."

"तू बघायला गेली होतीस का?"

"न्हाई. आवाजावरून वाटायलंय."

पुढं एम.एस्सी. झालीस, परभणीच्या कॉलेजात शिकवायला लागलीस, आणि पीएच.डी.ला प्रश्न घेतलास तो हाच. आत वाकून न बघता, वर परत येणाऱ्या आवाजावरून विहिरीचा आकार गणितानं काढता येईल का? माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच. तू सुट्टीत घरी येऊन चुलीपाशी समीकरणं सांगायला लागलीस की मी भाकरी थापत हूं हूं करायचे. तू चिडायचीस. "अक्का, ऐकायलीस का नुसतीच हूं म्हणायलीस?"

नुसतीच हूं म्हणायचे गं. आता कबूल करते.

मग सरांनी परभणीत ती कार्यशाळा ठरवली. ध्वनीच्या गणितावर, तीन दिवसांची. पुण्याहून, मद्रासहून माणसं येणार होती. पस्तिशीच्या आतल्यांनी आपले निबंध वाचायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि सगळ्यांत चांगल्या निबंधाला पारितोषिक. तुझा निबंध निवडला गेला. पत्र घेऊन तू घरी आलीस आणि मायच्या हातात दिलंस. मायला कुठं वाचता येतं! तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यात तुजं नाव कुठंय?" तू बोट ठेवलंस. मग ती किती वेळ त्याच जागेवर बोट फिरवत बसली होती.

कार्यशाळेला पंधरा दिवस उरले होते. तू म्हणालीस, "एक जागा अडलीय. दोन निराळ्या विहिरींतून अगदी एकसारखा आवाज आला तर? तसं होऊच शकत नाही, हे दाखवता आलं पाहिजे. नाहीतर माझं सगळं फुकट."

त्याच आठवड्यात तू तापलीस. ताडकळसच्या बाजारातून आलीस तीच अंगात कणकण घेऊन, आणि दोन दिवस कुणाला बोलली नाहीस. सगळं अंगावर काढायची ही तुझी सवय! त्याबद्दल मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. बोलली असतीस तर तेव्हा एसट्या चालू होत्या.

तिसऱ्या दिवशी नामांतरावरून पुन्हा पेटलं आणि सगळं बंद झालं. ज्या विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून तू मोर्चात चालून पायाला फोड आणले होतेस, त्याच विद्यापीठात तुझं संशोधन चाललेलं. आणि त्याच नावावरून रस्ते अडलेले. गावातल्या डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या. म्हणाले, "एसट्या सुरू झाल्या की परभणीला न्या."

त्या दुपारी तू एकदम उठून बसलीस. डोळे लाल, पण चेहरा हसरा. "अक्का, दोन विहिरींचं जमलं! उलट्या बाजूनं यायला पाहिजे होतं. वही दे. न्हाई तर मी सांगते, तूच लिही."

वही कोनाड्यात होती, हात लांब केला की येईल अशी. आणि मी काय म्हणाले? "आधी गोळी घे. झोप जरा. उद्या लिहू."

तू दोनदा मागितलीस. दुसऱ्यांदा मी ओरडले, "मरायचंय का लिहून लिहून?"

तू गोळी घेतलीस आणि भिंतीकडं तोंड करून झोपलीस. सकाळी तू मला ओळखलं नाहीस.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. ट्रॅक्टरमध्ये गोधडी टाकून तुला निजवलं. मायनं तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. डांबरी रस्त्याला लागलो तर बाभळी तोडून आडव्या टाकलेल्या. तिथल्या माणसांनी तुला बघितलं आणि एका शब्दानं न विचारता फांद्या ओढून वाट दिली. पुढं आणखी एके ठिकाणी तसंच. कुणी आडवं आलं नाही, विशू. पण प्रत्येक ठिकाणी झाडं ओढण्यात वेळ जात होता आणि मी नुसती बघत होते. मी तरी काय करणार होते, सांग! परभणीच्या दवाखान्यात तू दीड दिवस होतीस. तापानं मेंदू धरला, असं डॉक्टर म्हणाले.

कार्यशाळा पुढं ढकलली गेली, पण झाली. सरांनी मला आणि मायला बोलावलं. तुझा निबंध तेच वाचणार होते. आम्ही मागच्या रांगेत बसलो. फळ्यावर तुझी समीकरणं होती, सरांच्या अक्षरात. मला एक ओळ कळली नाही. चुलीपाशी तू इतकं सांगितलंस, त्यातलं एकतरी माझ्याकडं राहायला नको होतं का?

वाचून झालं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे प्रोफेसर उठले. "काम फार सुंदर आहे. पण दोन वेगळ्या विहिरी एकच आवाज देणार नाहीत, हे कशावरून?"

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडं नाही."

"मग ज्यांनी लिहिलंय त्यांना बोलवा ना."

 त्या प्रोफेसरांना सुरुवातीला यायला उशीर झाला होता, तू नाहीस हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि उत्तर तुला सापडलेलं होतं हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी उठले नाही. उठून काय सांगणार होते?

चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले. हात जोडून म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं हो. निबंध आवडला म्हणूनच विचारलं."  मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

पारितोषिक मद्रासच्या एका मुलाला मिळालं. नियमच तसा होता, लिहिणाऱ्यानं स्वतः वाचून उत्तरं द्यायची. त्या मुलाचं काही चुकलं नाही, पण मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. तुझा निबंध पुस्तिकेत छापला आहे. शेवटी एक ओळ आहे: सिद्धता लेखिकेच्या निधनामुळे अपूर्ण.

तुझ्या निधनामुळे! माझ्यामुळे, असं कोण छापणार?

परतीच्या एसटीत मायनं विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं इचारलं ते आपल्या इशूला येत व्हतं का गं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत, माय."

ती खिडकीकडं बघत म्हणाली, "आलं असंल. न आलेलं ती सोडत नव्हती."

तेव्हापासून मी तिच्या डोळ्याला डोळा देत नाही. वही दर रविवारी काढते, शेवटचं पान बघते, परत ठेवते. नीलिमाला ती द्यायची नव्हती मला. तिनं पुरं केलं तर ते तिच्या नावावर जाईल, असं वाटायचं. आणि कुणीच पुरं केलं नाही तर? पान असंच कोरं राहील, आणि मी ते राखत बसेन. कशासाठी?

विशू, वचन देते. शनिवारी शाळा सुटली की वही घेऊन मी स्वतः नीलिमाकडं जाईन. तू म्हणालेलं ते वाक्य, "उलट्या बाजूनं यायला पाहिजे होतं", तिला जसंच्या तसं सांगेन. त्याचा अर्थ मला कळत नाही, तिला कळेल की नाही तेही माहीत नाही. वही का मिळाली नव्हती तुला, हेही सांगेन.

पण त्याआधी, आज घरी गेल्यावर, मायसमोर बसेन आणि तिला सगळं सांगेन. ती बोलेल ते ऐकून घेईन. नाहीच बोलली काही, तरी तिथून उठणार नाही.

तुझी,
अक्का